लवंगादि वटी गोव्याच्या हवेत: बुरशी, तडे, काळा रंग आणि मात्रा

प्रश्न थोडक्यात असा: म्हापशाजवळच्या एका घरात श्रावणात लवंगादि वटी, म्हणजे खोकल्यावर चघळायची आयुर्वेदिक गोळी, केली. आठ दिवसांत काही गोळ्यांना बुरशी आली, काहींना तडे गेले, उरलेल्या इतक्या कडक झाल्या की तोंडात विरघळेनात. रंगही तपकिरी न राहता काळाकुट्ट झाला. शिवाय विचारलंय की नातवंडांना आणि मधुमेह असलेल्या आजोबांना किती द्यायची, आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) बाजारात बचतगटातर्फे ती विकता येईल का.

या चारही तक्रारींत पाठाचा, म्हणजे ग्रंथातल्या कृतीचा, दोष नाही. बहुतेक घोळ पाण्याचा आहे: काढ्याला घेतलेलं पाणी, खलात उरलेलं पाणी आणि पावसाळ्यात हवेत असलेलं पाणी. तेवढं सांभाळलं तर ही वटी घरी करायला अवघड नाही. तिच्यात शोधनाची (विषारीपणा काढायच्या संस्काराची) गरज असलेलं विषारी द्रव्य नाही, पारा-गंधक नाही. म्हणूनच घरी काही करायचंच असेल तर मी हीच सुचवतो. संजीवनी वटीत बचनाग आणि बिब्बा ही विषारी द्रव्यं असतात, तिच्या वाटेला घरी कोणी जाऊ नये.

पाठ लोलिंबराज या जुन्या वैद्यकवींच्या ‘वैद्यजीवन’ या ग्रंथातला. लवंग, मिरी आणि बेहड्याच्या फळाची साल समभाग, या तिघांच्या बरोबरीने कात, आणि बाभळीच्या सालीच्या काढ्याची भावना, म्हणजे तो काढा घालून चूर्ण खलात घोटणं. घरासाठी प्रमाण धरा: लवंग २० ग्रॅम, काळी मिरी २० ग्रॅम, बेहडासाल २० ग्रॅम, कात ६० ग्रॅम. एकूण १२० ग्रॅम. यातून पाव ग्रॅमच्या सुमारे पावणेपाचशे गोळ्या होतात, आणि एका कुटुंबाला वर्षभर पुरून उरतात. ही वजनं दळून, चाळून झाल्यावरची आहेत. बेहड्याचा चोथा चाळणीवर बराच उरतो. आधी वजन करून मग चोथा फेकला तर बेहडा कमी पडतो, काताचं प्रमाण वाढतं आणि गोळी नको तेवढी चिवट होते.

लवंग घेताना नखाने दाबून पाहा. तेल सुटलं पाहिजे. तेल काढून घेतलेली लवंग बाजारात सर्रास असते. ती पाण्यात टाकली की आडवी तरंगते, चांगली लवंग बुडते किंवा डोकं वर करून उभी राहते. मिरीच्या बाबतीत गोव्यात चिंता नाही, फोंडा-सत्तरीच्या कुळागरांतली (सुपारीच्या बागांतली) मिळाली तर उत्तमच. पण पावसाळ्यात पिशवीत राहिलेली मिरी हाताला थंड आणि मऊसर लागते, ती आधी कोरडी करून घ्या. बेहडा फोडून आतली कठीण बी पूर्ण काढा. बीच्या आतला गर मद आणणारा मानला आहे, तो या औषधात नको. साल किडकी नाही ना हे उजेडात धरून बघा, बेहड्याला कीड फार लवकर लागते.

काताबद्दल मात्र सावकाश बोलायला हवं, कारण निम्मं औषध तेच आहे. कात म्हणजे खैराच्या गाभ्याच्या लाकडाचा आटवलेला अर्क. कोकणात चिपळूणच्या पट्ट्यात हा जुना धंदा आहे. गोव्याचाही काताशी संबंध जुना. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या औषधींवरच्या संवादग्रंथात काताला वेगळं प्रकरण दिलं आहे. पानवाल्याकडचा सुगंधी, गुलाबपाणी घातलेला किंवा भिजवून तयार केलेला कात इथे चालत नाही. कोरडी वडी किंवा ढेप घ्या. पारखायची सोपी रीत अशी: चमचाभर पूड कपभर उकळत्या पाण्यात ढवळा आणि पाच मिनिटं ठेवा. चांगला कात जवळजवळ सगळा विरघळतो, तळाला किरकोळ गाळ राहतो. मातीची भेसळ असेल तर बोटांना खरखरीत लागणारा थर बसतो. पाणी गरमच हवं, कारण थंड पाण्यात चांगला कातही नीट विरघळत नाही. आणि तेच पाणी निवल्यावर गढूळ झालं तर घाबरू नका, कातातलं कषाय द्रव्य थंडीत बाहेर पडतं, तो त्याचा स्वभावच आहे. पीठ मिसळलेल्या काताची गोळी वळताना छान वाटते, पण सुकल्यावर भुगा होते आणि बुरशीलाही तिथेच खाद्य मिळतं.

बाभळीची साल ही गोव्यातली खरी अडचण. बाभूळ कोरड्या मुलखातलं झाड, घाटावर जशी बांधाबांधावर दिसते तशी इथे नाही. साल बहुधा काष्ठौषधीच्या दुकानातून मागवावी लागते. रस्त्याकडेला आणि डोंगरांवर लावलेली, कोयत्यासारख्या वाकड्या पानांची, बिनकाट्यांची अकेशिया ही बाभूळ नव्हे. ती ऑस्ट्रेलियाकडची. नावाच्या सारखेपणामुळे तिची साल काढून आणणारे लोक आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं. खरी बाभूळसाल बाहेरून काळपट, खोल भेगांची, आतून तांबूस आणि तंतुमय असते. चावली की जीभ आखडते.

आता काढा. भावनेच्या काढ्याचा शास्त्रातला नियम सरळ आहे: जेवढं चूर्ण तेवढीच काढ्याची वनस्पती, तिच्या आठपट पाणी, आणि आटवून आठवा हिस्सा. म्हणजे १२० ग्रॅम साल, ९६० मिलिलिटर पाणी, उरवायचं १२० मिलिलिटर. साल भरड कुटून रात्रभर त्याच पाण्यात भिजवा, सकाळी मंद आचेवर झाकण न ठेवता आटवा. दीड-दोन तास लागतात. गरम असतानाच कापडातून पिळून गाळा. काढा त्याच दिवशी वापरायचा. आपल्याकडच्या उष्म्यात तो ओट्यावर रात्रभर राहिला तर आंबतो, आणि आंबलेल्या काढ्याची भावना दिलेली गोळी कितीही सुकवली तरी वास सोडत नाही.

तुमच्या गोळ्या काळ्या पडल्या त्या बहुतेक याच टप्प्यावर. कात, बेहडा, बाभूळ ही तिन्ही टॅनिनने (तुरटपणा आणणाऱ्या घटकाने) भरलेली द्रव्यं आहेत, आणि टॅनिनला लोखंड भेटलं की काळपट-निळा रंग उमटतो. जुनी शाई याच तत्त्वावर करत. लोखंडी कढई, बिडाचा खल, गंजलेली चाळणी, यांतलं काहीही पुरतं. एवढं सगळं टाळूनही रंग काळवंडला तर विहिरीच्या पाण्याकडे बघा. जांभ्या दगडातल्या विहिरींच्या पाण्यात बऱ्याच ठिकाणी लोह असतं. बादलीच्या कडेला तांबूस डाग धरतात ते तेच. गाळणयंत्राचं पाणी घ्या, भांडं स्टीलचं किंवा मातीचं, खल दगडी किंवा चिनीमातीचा. अशी काळी गोळी विषारी नसते, पण चव तुरट-धातूसारखी होते आणि तोंड काळं करते.

चूर्ण करताना प्रत्येक द्रव्य वेगळं दळा. लवंग मिक्सरमध्ये सलग फिरवली की तापते, तेल उडतं आणि पूड भांड्याला चिकटते. थोडी थोडी, थांबत थांबत फिरवा. भांडं स्टीलचंच, प्लॅस्टिकला लवंगेचं तेल खातं. ८० नंबरची चाळणी किंवा मलमलचं कापड, यातून गेलं तेवढंच घ्यायचं. जाडसर बेहडा राहिला तर गोळी चघळताना घशात खरखरते आणि खोकला उलट वाढतो.

भावना म्हणजे काढा ओतून कणीक मळणं नाही. चारही चूर्णं खलात एकजीव करा, मग काढा इतकाच घाला की सगळं बुडून दाटसर लेप होईल. बहुधा अर्धा ते दोन-तृतीयांश काढा पहिल्या खेपेला जातो. घोटत राहा. दाट झालं की उरलेला थोडा थोडा घाला आणि पुन्हा घोटा. परंपरेत एक प्रहर, म्हणजे तीन तास सांगतात. १२० ग्रॅमला दोघांनी आळीपाळीने केलं तर जड जात नाही. पाठात किती भावना द्यायच्या ते सांगितलेलं नाही. काही जण तीन देतात. माझं मत, एकच द्या पण पूर्ण घोटून द्या. घाईत दिलेल्या तीन भावनांपेक्षा ती सरस ठरते. मिक्सर याला पर्याय नाही, तो कापतो, रगडत नाही, वर तापतोही.

गोळा तयार झाल्याची खूण: बोटाने दाबल्यावर बोटावरच्या रेषा त्यावर उमटतात, बोटाला चिकटत नाही, आणि वळलेल्या गोळीच्या कडेला भेग दिसत नाही. भेग दिसली तर काढा कमी किंवा घोटाई कमी. चिकटलं तर पाणी जास्त आहे. इथेच पावसाळ्यात चूक होते. डिसेंबरात घोटता घोटता पाणी उडून जातं, श्रावणात ते उडतच नाही. मग वैतागून वरून कात किंवा मैदा भुरभुरतात. असं करू नका. गोळा स्टीलच्या ताटात पातळ पसरून पंख्याखाली तासभर ठेवा आणि परत घोटा. डिंक, मध, गूळ, कशाचीच गरज नाही, बांधायचं काम कात करतो.

वळताना लांब वाती करून सुरीने सारखे तुकडे करा. ओली गोळी ३५० मिलिग्रॅमच्या आसपास ठेवली तर सुकून पाव ग्रॅमच्या जवळ येते. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा असेल तर दहा गोळ्या एकत्र तोला, साडेतीन ग्रॅम भरल्या पाहिजेत. हाताला तूप लावायची सवय सोडा. तुपाचा थर पाणी आतच कोंडतो आणि पुढे खवट होतो. बोटांना चिमूटभर बेहड्याची पूड पुरे.

सुकवणं ही निम्मी लढाई. तडे आणि बुरशी यांचं मूळ एकच आहे: गोळीचा वरचा थर आधी वाळतो आणि आतला ओलावा अडकतो. उन्हात किंवा जोराच्या पंख्याखाली पहिल्याच दिवशी ठेवलं की साल धरते. आतलं पाणी नंतर बाहेर पडायला बघतं तेव्हा तडा जातो. नाही पडलं तर बरणीत गेल्यावर आतून पांढरे धागे फुटतात. म्हणून पहिले २४ तास सावलीत, पंखा बंद. दुसऱ्या दिवसापासून मंद पंखा. गोळ्या स्टीलच्या जाळीवर एकमेकींना न लागता पसरायच्या, वर्तमानपत्रावर नाही, शाई उतरते. रोज दोनदा हलवायच्या. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात पाच ते आठ दिवसांत सुकतात.

जून ते सप्टेंबर मी तरी करू नका म्हणेन. करायच्याच असतील तर ४० अंशांवर ठेवता येणारं फळं-भाज्या सुकवण्याचं विजेचं यंत्र वापरा, तेही पहिला दिवस सावलीत काढल्यावर. घरातला केक भाजायचा ओव्हन नको. त्याची सर्वांत कमी आचही या कामाला जास्त असते; लवंगेचं तेल जातं आणि कात भाजून गोळी दगड होते. तुमच्या कडक गोळ्यांचं कारण मला हेच वाटतं. विरघळायला दहा-पंधरा मिनिटं लागणं ठीक आहे, ही चघळायची गोळी आहे. अर्धा तास झाला तरी तशीच असेल तर ती कुटून मधातून चाटवायला वापरा, पुन्हा भिजवून वळू नका.

सुकली की नाही हे हाताला कळत नाही, काट्याला कळतं. वीस गोळ्या वेगळ्या ठेवा, रोज त्याच तोला. दोन दिवस वजन बदललं नाही की झालं. शिवाय एक फोडून बघा, मधोमध गडद ओलसर ठिपका नसला पाहिजे.

बुरशी आलेल्या गोळ्या पुसून, ऊन दाखवून वापरतात, ते साफ चूक आहे. वरची बुरशी पुसली जाते, आत उतरलेली विषं उन्हाने जात नाहीत. ज्या बरणीत चार गोळ्यांना बुरशी दिसली ती सगळी बरणी टाका.

साठवायला घट्ट झाकणाच्या लहान काचेच्या बाटल्या, गळ्यापर्यंत भरलेल्या, प्रत्येकीत सिलिका जेलची पुडी. रोज उघडायची बाटली एकच. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढली की गोळ्यांना घाम येतो. शास्त्रात गुटिकेला (गोळीला) एक वर्षाची मुदत दिली आहे. घरच्या गोळ्यांना तीच पाळा. डिसेंबरात केलेल्या पुढचा पावसाळा आणि चवथ सहज काढतात.

आता वापर. ही गोळी गिळायची नाही. पोटात जाऊन काम करणारं हे मुख्य औषध नव्हे, तिचं काम घशावर आहे. कात, बेहडा, बाभूळ सुजलेल्या अस्तराला आकसवतात, लवंग किंचित बधिर करते, मिरी लाळ सोडवते. एक गोळी तोंडात ठेवून लाळ हळूहळू गिळायची, नंतर पंधरा-वीस मिनिटं पाणी नाही. दोन गोळ्यांत दोन-तीन तासांचं अंतर, प्रौढाला दिवसाला चार ते सहा, सलग पाच-सात दिवस. पाठात आठ घटिकांत, म्हणजे सव्वातीन तासांच्या आत, खोकला जातो असं म्हटलंय. ती कवीची भाषा समजा. एवढ्या वेळात घशाची खवखव आणि उबळ कमी होते, खोकल्याचं मूळ कारण जात नाही.

सर्दीनंतर घशाला चिकटलेला कफ, खवखव, आरत्या म्हणून किंवा जत्रेच्या नाटकात रात्रभर बोलून बसलेला आवाज, इथे ती छान चालते. घशात आग, तोंड आलेलं, आंबट वर येणं, कोरडा ठणका असं असेल तर मिरी-लवंगेने त्रास वाढतो. तिथे जेष्ठमधाचा तुकडा चघळणं बरं. जास्त खाल्ली की घसा कोरडा पडतो आणि मलावरोध होतो. हे तुरट द्रव्यांचं काम आहे, गोळी थांबवली की जातं. गालात गोळी धरून झोपायची सवय काहींना असते. लवंगेने तिथली त्वचा पोळते, आणि झोपेत गोळी श्वासनलिकेत जाऊ शकते.

नातवंडांचं: पाच वर्षांखाली देऊ नका. पाच ते बारा वयात अर्धी गोळी कुटून मधातून, दिवसातून दोन-तीनदा. एक वर्षाखालच्या बाळाला तर मधही नको. आजोबांना चालेल, तिच्यात साखर नाही, फक्त मध न घेता नुसती चघळू द्यात. पण ते रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, लवंगेचं तेल त्याच दिशेने काम करतं. रक्तदाबासाठी रामिप्रिल, एनालाप्रिल अशा गटातली गोळी चालू असेल आणि कोरडा खोकला हटत नसेल, तर तो त्या गोळीचाच असू शकतो. लवंगादि खाऊन तो जाणार नाही, औषध मात्र स्वतःहून बंद करू नका. लोहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी दोन तासांचं अंतर ठेवावं, टॅनिन लोह शरीरात नीट शिरू देत नाही. गरोदरपणी वैद्यांना विचारल्याशिवाय नको.

दोन आठवड्यांच्या वर टिकलेला खोकला, कफात रक्त, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, दम लागणं, यांत गोळी चघळत बसू नये. सरकारी आरोग्य केंद्रात क्षयाची थुंकी तपासणी मोफत होते. तंबाखू-गुटखा खाणाऱ्याचा आवाज तीन आठवडे बसलेला असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आत बघितलंच पाहिजे, कारण ही गोळी घशाची जाणीव थोडी बधिर करून दुखणं झाकू शकते. आयुर्वेदाचाच सल्ला हवा असेल तर पेडण्यात धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचं रुग्णालय आहे, शिरोड्याला गोमंतक आयुर्वेद महाविद्यालय आहे. गोळी सोबत नेऊन दाखवा.

विक्रीचं उत्तर सरळ आहे: नाही. ‘लवंगादि वटी’ या नावाने किंवा खोकल्यावरचं औषध म्हणून विकायची तर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली उत्पादन परवाना लागतो, त्यासाठी ठरावीक जागा, पात्र तंत्रज्ञ आणि प्रत्येक खेपेची नोंद लागते. चवथीच्या बाजारात माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या) सामानाशेजारी बाटल्या मांडून तो नियम चुकत नाही. बचतगटाला परवानाधारक उत्पादकाकडून स्वतःच्या नावाने माल करून घेता येतो. त्याची चौकशी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे करावी, आणि दुकानातून सामान आणण्याआधी करावी.